बारा वर्षांची ओम्नी आणि पासिंग: एप्रिल २०२५ च्या नोंदी

४ एप्रिल, शुक्रवार

गाडी मारुती ओम्नी कार्गो, २०१३ ची, पिवळी पाटी. काम पाण्याचे वीस लिटरचे कॅन पोचवायचं. नागपुरात मानेवाडा, रामेश्वरी, अजनी हा आमचा पट्टा. एरवी दिवसाला दोन फेऱ्या, उन्हाळ्यात चार. २०२१ च्या डिसेंबरात सेकंडहँड घेतली. फिटनेस २८ एप्रिलला संपतो. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा पासिंग, म्हणजे आरटीओकडून गाडी तपासून फिटनेस नवा करून घेणं, असतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे माझ्या हातात आल्यापासून हिची दरवर्षीच वारी.

आधी मागचा हिशोब. रस्त्यावर हिनं मला एकदाही दगा दिलेला नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पहाटे पहिल्या सेल्फला चालू होतं. पासिंगचं वेगळं आहे. २०२२ ला एजंटच्या हाती दिली, पास होऊन आली, काय काय पाहिलं ते मला कळलंच नाही. २०२३ ला स्वतः नेली, हेडलाइट आणि हॉर्नवर परत आलो. २०२४ ला हँडब्रेकवर. हॉर्न घोगरा झाला होता हे मला माहीत होतं. हँडब्रेक तर मी वापरतच नव्हतो, गाडी गिअरमध्ये टाकून उतरायची सवय. ज्याच्यावाचून रोजचं काम अडत नाही त्याच्यावरच गाडी अडकते.

कॅनच्या धंद्यात बरेच जण अजून ओम्नीवरच आहेत. २०१९ ला ही गाडी बनायची बंद झाली आणि नवी कुठलीही घ्यायची तर हप्ता मागे लागतो. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

आज फक्त कागद. विमा नोव्हेंबरपर्यंत आहे. पर्यावरण कराची पावती सापडली, ती दरवेळी सापडेपर्यंत घरात भांडण होतं. पीयूसी काढली, १२५ रुपये. राहिली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती आता लागतेच. चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९. बुकिंग करताना चाळीस मिनिटं गेली, कारण इंजिन नंबरातला शून्य मी ओ समजून टाकत होतो आणि साइट दरवेळी माहिती जुळत नाही म्हणून बाहेर फेकत होती. शेवटी पोरानं मोबाईल हातातून घेतला. प्लेट बसवायची तारीख १७ मिळाली, पासिंगची २२. मध्ये अठरा दिवस आहेत. पुरे वाटतात.

६ एप्रिल, रविवार

आज रामनवमी. दुपारपासून शोभायात्रेच्या मार्गावर कॅनच कॅन. म्हणून पहाटे साडेपाचला एकटाच गाडी घेऊन जवळच्या नव्या लेआउटमध्ये गेलो, तिथं रस्ते झालेत पण घरं झालेली नाहीत.

पासिंगला काय बघतात याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये, नियम ६२ खाली दिलेली आहे. स्पार्क प्लगपासून सुरू होते, मग हेडलाइटचा बीम, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काच, हॉर्न, सायलेन्सर, डॅशबोर्डवरचे काटे, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टेअरिंग. ती वहीत उतरवून घेतली आणि एकेकावर खूण करत गेलो.

ब्रेकपासून सुरुवात केली. ३० चा वेग घेतला, ठरलेल्या दगडापाशी ब्रेक दाबला, उतरून पावलं मोजली. तेरा. पुन्हा केलं, बारा. गाडी डावीकडे ओढत होती. खरी गोष्ट रस्त्यावर दिसली: मागच्या डाव्या चाकाची काळी रेघ स्पष्ट उमटलेली, उजव्याची नावालाही नाही. उजवं मागचं चाक ब्रेक मारतच नव्हतं. आणि मी गेले किती महिने स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून ब्रेक दाबत होतो. हाताला सवय झाली होती, डोक्याला पत्ताच नव्हता.

मग वायपर. मागच्या ऑक्टोबरनंतर तो चालवलाच नव्हता. बटण दाबलं तर रबर काचेला चिकटून तिथंच राहिलं आणि नुसती पत्र्याची दांडी करकरत फिरली. काचेवर अर्धगोल ओरखडा पडला. बटण दाबायच्या आधी हातानं उचलून पाहायला हवं होतं.

बाकी: डावा पार्किंग दिवा बंद, बल्बच गेलेला. हॉर्न ठीक, २०२३ ला नवा घातला होता. टायर ठीक. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी उन्हानं गुलाबी झालेली. पाटे, म्हणजे मागचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बसलेले, हे डोळ्यांनीच दिसतं, रिकामी गाडीसुद्धा मागे टेकून उभी असते. ड्रायव्हरच्या मागची रबरी मॅट उचलली आणि स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा टोचून पाहिला. दोन ठिकाणी आरपार गेला. कॅनमधून थेंब थेंब पाणी सांडतं, मॅटखाली साचतं, आणि आम्ही वरून रोज मॅट धुतो.

८ एप्रिल, मंगळवार

गाडी आमच्या मेकॅनिक चाचांच्या गॅरेजला. कॅन पोचवायला छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, भाड्यानं, दिवसाचे १,२०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, सगळ्या सुट्या भागांपेक्षा हाच जास्त चावतो.

उजवा मागचा ब्रेकचा ड्रम सहज निघेना. चहूबाजूंनी ठोकत, मग दोन बोल्ट आवळत काढला. आत काळं ओलं. शूच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या थरावर, बोट ठेवलं तर बोट घसरलं. मला वाटलं व्हील सिलिंडर, ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा, तो फुटला. चाचांनी बोट नाकाशी नेलं, मग माझ्या नाकाशी आणलं. जळक्या गंधकाचा वास. ब्रेक ऑइलला असा वास नसतो, हा गिअर ऑइलचा. म्हणजे एक्सलचं सील, तेल अडवणारी कडी, गेलेलं आणि हाउसिंगमधलं, एक्सलभोवतीच्या कवचातलं, तेल थेट ड्रममध्ये. ओम्नी मागच्या चाकांवर चालणारी गाडी, तिला हा रोग वयानुसार होतोच.

लायनर तेल पितं. पेट्रोलनं धुवा, जाळा, घासा, ते पुन्हा ओलं होतं. शू बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, नाहीतर ओढ राहतेच. चौघांचा सेट ७२०. सील दोन्ही बाजूंना, १२० प्रमाणे २४०. उजवी बेअरिंग गुरगुरत होती, ६५०. व्हील सिलिंडर दोन, ६८०. ते गळत नव्हते पण रबराखाली गंज होता. ड्रमना लेथवर कट मारून आणले, दोन्हीचे ४००. ब्रेक ऑइल १८०. मजुरी ९००.

सील मी बसवलं. चाचा दुसऱ्या गाडीत गुंतले होते आणि मला वाटलं एवढं काय त्यात. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी वर ठेवून हातोडीनं ठोकत आत घेतलं. बसल्यासारखं दिसलं.

हँडब्रेकची केबल मात्र मी विसरलो नाही. नवे शू घातले की तिची ओढ बदलते. मागच्या वर्षी हेच कुणी केलं नव्हतं. पाच खटक्यांत धरतो. पाण्याच्या प्लांटच्या रॅम्पवर भरलेली गाडी उभी करून पाहिली, जागची हलली नाही.

संध्याकाळी पुन्हा लेआउटमध्ये. आठ पावलं, दोन काळ्या रेघा. घरी येऊन जेवताना दोनदा सांगितलं.

११ एप्रिल, शुक्रवार

काल महावीर जयंती होती, कचेऱ्या बंद, पण आमचं काम चालू. दिवसभर चार फेऱ्या, भर उन्हात. आज सकाळी सहज खाली वाकलो तर उजव्या चाकाच्या आतल्या बाजूनं टायरवर तेलाचा ओघळ.

तीन दिवस. नवं सील, नवे शू, तीन दिवस.

सरळ चाचांकडे. रस्ताभर स्वतःला शिव्या देत होतो, हातोडीनं सील वाकडं गेलं म्हणून. ड्रम उघडला, एक्सल ओढला, चाचांनी टॉर्च मारून सील पाहिलं. म्हणाले, "सील बरोबर बसलं आहे भाऊ. हे हाउसिंगच श्वास घेऊन नाही राहिलं."

हाउसिंगच्या वर, डाव्या हाताला, बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते. ब्रीदर. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती हवा या टोपीतून बाहेर पडते. माझ्या गाडीची टोपी चिखल आणि कॅनच्या पाण्याचा थर बसून दगड झाली होती. पक्कड लावून फिरवली तर फिरेना. हवेला वरून वाट नाही, मग ती तेलाला ढकलत सीलच्या ओठातून निघते. जुनं सीलही बहुधा असंच मेलं. मी रोग सोडून पट्टी बदलली होती.

टोपी काढली, डिझेलमध्ये भिजवली, तारेनं साफ केली, फुंकून पाहिली. खर्च शून्य. पण तेल प्यालेले उजवे दोन शू गेले आणि सुटे दोन कुणी देत नाही, म्हणून पुन्हा अख्खा सेट ७२०. डावीकडचे तीन दिवस वापरलेले दोन शू पिशवीत बांधून ठेवले. सील १२०. मजुरी ५००. छोटा हत्ती १,२००.

चाचांनी एक सांगितलं ते इथं लिहितो: सील बदलायच्या आधी ब्रीदरची टोपी बोटानं फिरते का बघायची. फिरत नसेल तर ड्रम उघडायच्या आधी ती मोकळी करायची.

१३ एप्रिल, रविवार

रात्री साडेनऊला गल्लीत हेडलाइट लावले. पद्धत सोपी. गाडी सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची टेपनं मोजायची, भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं आडवी रेघ. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली यायला हवी.

माझी कड रेघेच्या सहा सेंटिमीटर वर होती. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात. २०२३ लाही हेच निघालं होतं. दोन्ही स्क्रू फिरवून बीम खाली आणला, बरोबर ५ वर. पार्किंगचा बल्बही बदलला, ३० रुपयांचा; हेडलाइटचा एक पिवळट वाटत होता तो १५० चा. वायपरच्या दोन पात्या ३४० ला.

शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "भिंतीवर काऊन रेघा मारून राहिला रे?" सांगितलं. म्हणाल्या, "पुसून टाकजो."

पुसली. तिथंच चुकलो, पण ते नंतर कळलं.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. पहाटे दोनपासून चौकाचौकांतल्या पाणपोया भरत होतो. गाडीला हात लावला नाही, म्हणजे दुरुस्तीसाठी. एका फेरीत पंचेचाळीस कॅन घातले. पंचेचाळीस गुणिले वीस, नुसतं पाणीच नऊशे किलो. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही हे मला कळतं. पाटे का बसतात याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही.

१६ एप्रिल, बुधवार

पाटे. ते दुरुस्त करणाऱ्या कमानीवाल्याकडे सकाळी नऊला गाडी उभी केली, त्यानं चाकाच्या कमानीखाली वीत लावून पाहिली आणि हसला. दोन्ही बाजूंचे पाटे उतरवले. खोलल्यावर दिसलं की उजवीकडचा सगळ्यात खालचा पाटा मधोमध तडकलेला. तो आणखी एखादा उन्हाळा काढता आणि मग भर रस्त्यात कॅनसकट बसता.

जुने पाटे भट्टीत तापवून पुन्हा कमानीत आणले, तडकलेला बदलला, दोन्ही बाजूंना एकेक जादा घातला. २,८०० मजुरीसकट. यू-बोल्ट नवे, ३६०. जुनेच परत वापरू का विचारलं तर तो म्हणाला, "ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा आवळला की चुडी धरत नाही, मले शिव्या द्याल." चुडी म्हणजे बोल्टचे आटे. बुश ४००.

रिकामी गाडी मागे ४ सेंटिमीटर उचलली गेली. खड्ड्यात आता कंबर हलते, पण मागे टेकून उभी राहत नाही. नवीन गाडीसारखी दिसते म्हणून मी दुरून दोन फोटोही काढले.

१७ एप्रिल, गुरुवार

नंबर प्लेट बसली. पंधरा मिनिटांचं काम, रांग दोन तासांची. काचेवरचा स्टिकर लावताना काच पुसून जा, कॅनवाल्याच्या काचेवर तो धुळीसकट चिकटतो. फिटनेससाठी मागायच्या आधी ही प्लेट झाली हे बरं. ज्यांनी दोन्ही एकाच आठवड्यात ठेवलं त्यांची रांगेत तारांबळ ऐकत होतो.

१९ एप्रिल, शनिवार

पत्रा. काल गुड फ्रायडेची सुट्टी होती, वेल्डिंगवाला आज भेटला. पारा ४४ च्या आसपास, आणि वेल्डिंगवाल्याच्या शेडला वर सिमेंटचे पत्रे. दोघंही दर दहा मिनिटांनी तोंडावर पाणी मारत होतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. या इंजिनला इंजेक्शन आहे, कंट्रोल युनिट आहे. वेल्डिंगचा करंट त्याच्यातून गेला तर पत्र्याच्या कामात नवं दुखणं. पेट्रोलची टाकी जवळ होती म्हणून ती उतरवली. वेल्डिंगवाला म्हणत होता ओलं पोतं टाकून करू, रोज करतो. मी टाकी उतरवायला लावली. त्यात तीन तास गेले आणि तो नाराज झाला, चहा पाजावा लागला.

गंजका भाग कापत गेलो तसं भोक मोठं होत गेलं. बाहेरून रुपयाएवढं दिसणारं आतून तळहाताएवढं निघालं. दोन ठिगळं, १८ गेजचा पत्रा, कडा पूर्ण वेल्ड, वर प्रायमर, खालून अंडरकोट. १,८०० रुपये. नुसती पुट्टी भरून वर रंग मारणारेही आहेत, पाचशेत होतं. पण पुट्टीवर पाच कॅन ठेवले की ती कधी निघाली ते पावसात पायाला पाणी लागल्यावर कळतं.

रबरी मॅट परत टाकली नाही. लाकडी पट्ट्यांची जाळी केली, जुन्या पॅलेटची, घरीच. पाणी खाली पडतं, दिसतं, वाळतं. कॅन मात्र पट्ट्यांवर थोडे खडखडतात, पोराची तक्रार आहे.

रिफ्लेक्टर पट्टी येताना रस्त्यावरच्या दुकानातून घेतली, २५०. पुढे पांढरी, मागे लाल. लावली. छान चमकली.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी आठला पासिंगच्या ट्रॅकवर पोचलो. एक ट्रक, चार ऑटो, मग मी. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २५० मीटरचा ब्रेक टेस्ट ट्रॅक असल्याशिवाय फिटनेस होत नाही. त्या ट्रॅकवर नंबर यायला पावणेअकरा झाले. सावली नाही. दोन लिटर पाणी नेलं होतं, कॅनवाला असून कमी पडलं.

ब्रेक: एका दमात. गाडी सरळ थांबली. तपासणाऱ्या साहेबांनी चासिस नंबर पाहिला, खाली वाकून पत्रा पाहिला, ठिगळावर बोटानं ठोकलं, काही बोलले नाहीत. हँडब्रेक ओढायला लावला. वायपर, हॉर्न, आरसे, इंडिकेटर, स्पीडोमीटर. मी मनात खुणा करत होतो. मग बीम तपासायचं यंत्र ढकलत समोर आणलं.

साहेब म्हणाले, "दिवे रस्त्यावर नाही, बंपरवर मारून राहिलेत तुमचे."

क्षणभर कळेना. स्वतःच्या हातानं, टेप लावून ५ सेंटिमीटरवर आणलेले दिवे. आणि मग पोटात खड्डा पडला. दिवे १३ ला लावले, पाटे १६ ला उचलले. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर १८४० मिलिमीटर. मागून ४ सेंटिमीटर उचलली तर पाच मीटरवर बीम जवळपास ११ सेंटिमीटर खाली जातो. पाच आणि अकरा, सोळा. म्हणजे २०२३ ला आणि यंदाही दिवे आकाशात का जात होते त्याचं कारणही तेच, उलट्या बाजूनं: पाटे बसलेले होते. तेव्हा मी स्क्रू फिरवून दिवे खाली आणले, पाटे तसेच ठेवले आणि पुढची दोन वर्षं ते आणखी बसत गेले.

दुसरी चूक रिफ्लेक्टर पट्टीची. मान्यतेच्या पट्टीवर एआयएस-०९० असा मानकाचा क्रमांक बारीक अक्षरात छापलेला असतो. माझ्यावर काहीच नव्हतं. साहेबांनी नखानं कोपरा उचलला तर पट्टी सोलून हातात आली. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

कागदावर दोन ओळी लिहून परत. ट्रकवाला मागून म्हणाला, "होते भाऊ, माझा तिसरा चक्कर आहे." त्यानं बरं वाटलं असं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी मान्यतेची पट्टी आणली, ९५०. जुनी काढून चिकटपणा रॉकेलनं पुसला, मग साबणाच्या पाण्यानं, मग वाळू दिलं. तापलेल्या पत्र्यावर पट्टी लावली तर बुडबुडे येतात, म्हणून सूर्य उतरल्यावर लावली.

रात्री पुन्हा गल्लीतली भिंत. खडूची रेघ पुसलेली, त्यामुळे सगळं पहिल्यापासून मोजावं लागलं. आणि आता गाडीच उंच, रेघही नवी. काकू गॅलरीत होत्याच. "झालं नाही का अजून?" या वेळी गाडीत ड्रायव्हरच्या जागी पोराला बसवलं, टायरमध्ये हवा भरून आणली, टाकी अर्धी ठेवली, जशी नेणार तशी. कड ५ सेंटिमीटर खाली आणली. रेघ पुसली नाही. काकूंना विचारून कोपऱ्यात ऑइलपेंटची एक बारीक खूण ठेवली, पुढच्या वर्षासाठी. त्यांनी अट घातली की दिवाळीला तेवढी भिंत रंगवून द्यायची.

क्रम असा ठेवा: आधी पाटे, मग ब्रेक, मग पत्रा, आणि गाडीची उंची जिच्यानं बदलते अशी सगळी कामं संपल्यावर हेडलाइट.

२५ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा ट्रॅक, पुन्हा छोटा हत्ती, पुन्हा १,२००. दुसरे साहेब होते. त्यांनी फक्त दोन ओळी पाहायच्या होत्या तरी ब्रेक पुन्हा घेतला. बीम बरोबर. पट्टीवरची अक्षरं वाचली. फोटो काढले. सव्वाबाराला मोकळा झालो आणि रात्री मोबाईलवर फिटनेस दिसला, पुढच्या एप्रिलपर्यंत.

हिशोब रात्रीच लावला, सरकारी फी सोडून. ब्रेक आणि एक्सल: सील ३६०, बेअरिंग ६५०, शू १,४४०, सिलिंडर ६८०, ड्रमचा कट ४००, ब्रेक ऑइल १८०, मजुरी १,४००, मिळून ५,११०. पाटे ३,५६०. पत्रा १,८००. वायपर ३४०, बल्ब १८०, पट्ट्या १,२००. नंबर प्लेट ८७९, पीयूसी १२५. सगळे १३,१९४. छोटा हत्ती सहा दिवस, ७,२००. एकूण २०,३९४.

यातले ३,९९० निव्वळ माझ्या हातानं गेले: ब्रीदर न पाहता बदललेलं एक सील, शूचा एक सेट, दुसऱ्यांदा दिलेली मजुरी, बिनछापाची पट्टी आणि छोट्या हत्तीचे दोन दिवस. इंजिनवर खर्च शून्य. चार वर्षांत पासिंगला इंजिनावरून कुणी एक शब्दही काढलेला नाही, आणि मी सर्व्हिसिंगचे पैसे दरवेळी इंजिनातच ओतले.

मोठा भाऊ म्हणतो, एजंटला तीन हजार दिले असते तर झालं असतं. झालं असतं कदाचित. उजवा तडकलेला पाटा त्यानं उतरवून पाहिला नसता.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. सहा लग्नं, शंभरावर कॅन. एका फेरीत बत्तीसच घातले, फेरी वाढली, पोराची कुरकुर वाढली. दुपारी दोनला एका लॉनच्या मागे गाडी सावलीत लावून खाली शिरलो. उजवा टायर आतून कोरडा. हाउसिंग हात लावता येणार नाही इतकं तापलेलं. फडक्यानं धरून ब्रीदरची टोपी फिरवली. फिरली, आणि बारीक फुस्स झालं.